सोशल वर्क शिकायला गेलं की घरून आणलेल्या समजुतींचं काय होतं?

एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. फील्डवर्कसाठी मला एका वस्तीत टाकलं होतं. तिथल्या एका घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. बाई झोपलेल्या होत्या, भांडी तशीच पडली होती आणि दोन पोरी दारात खेळत होत्या. शाळेचा वार होता. बाई उठल्या, मी दहा मिनिटं बसले, चार प्रश्न विचारले आणि संध्याकाळी हॉस्टेलवर येऊन रेकॉर्डिंगच्या वहीत लिहिलं, ‘बाई आळशी वाटल्या. मुलींच्या शिक्षणाबद्दल आस्था दिसली नाही.’

दोन दिवसांनी वही परत आली. ‘आळशी’ या शब्दाभोवती लाल गोल होता आणि बाजूला सुपरवायझर मॅडमनी एकच शब्द लिहिला होता, ‘कशावरून?’

पुढच्या भेटीत कळलं की त्या गल्लीला पाणी पहाटे तीनला येतं. सगळ्या गल्लीत मिळून एक नळ, त्यामुळे नंबर लावायला अडीचलाच उठायचं. पाणी भरून झालं की सहा वाजता बाई दोन सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला जायच्या आणि साडेअकराला परत यायच्या. दुपारची झोप म्हणजे त्यांची रात्र होती.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. मला वाटलं विषय संपला. त्यांनी विचारलं, “दुपारी झोपणारी बाई आळशी असते, हे तुला कुणी शिकवलं?”

उत्तर माझ्याकडे लगेच होतं. आजीने. दुपारी बाईमाणूस आडवं झालं की घरात अवदसा येते, हे वाक्य मी कळत्या वयापासून ऐकत आले होते. मी ते कधी मानलं असं मला वाटतच नव्हतं. पण वहीत ते माझ्याच अक्षरात उतरलं होतं.

सोशल वर्कचा कोर्स म्हणजे योजनांची माहिती, कायदे आणि शिबिरं असं अनेकांना वाटतं. ते असतंच. पण या शिक्षणाचा एक मोठा भाग असा आहे ज्याची जाहिरात कुणी करत नाही, आणि तो म्हणजे लहानपणापासून आपल्या डोक्यात कुणी काय भरून ठेवलंय ते उघडून बघणं.

हे कोर्समध्येच का घातलंय?

डॉक्टरच्या हातात स्टेथोस्कोप असतो, वकिलाच्या हातात कायद्याचं पुस्तक असतं. सोशल वर्करकडे बहुतेक वेळा तो स्वतःच असतो. तो समोरच्याचं ऐकतो, त्यातून काहीतरी समजून घेतो, त्यावरून अहवाल लिहितो आणि त्या अहवालावर कुणाचं तरी पुढचं आयुष्य ठरतं. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानातच खोट असेल तर सगळंच चुकतं.

ही भीती जुनी आहे. १८६९ मध्ये लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी नावाची संस्था सुरू झाली. तिचं काम असं की गरिबांच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि कोण मदतीच्या ‘लायक’ आहे, कोण ‘नालायक’ ते ठरवायचं. घर स्वच्छ आहे का, नवरा पितो का, बाई कामसू आहे का, हे सगळं बघितलं जायचं. मी पहिल्या दिवशी वस्तीत जे केलं ते नेमकं हेच होतं, फक्त दीडशे वर्षं उशिरा.

१९१७ मध्ये अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहिलं. त्यात पुरावा म्हणजे काय, आणि पुराव्यावरून निष्कर्ष काढताना माणूस कुठे घसरतो, यावर वेगळी प्रकरणं आहेत. ‘कशावरून?’ हा मॅडमचा प्रश्न तिथून आलेला. पुढे १९५७ मध्ये फेलिक्स बीस्टेक यांनी केसवर्कची सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक म्हणजे समोरच्याला दोषी ठरवायला न बसणं, ज्याला आमच्याकडे सगळे ‘नॉन-जजमेंटल’ म्हणतात. दुसरं, निर्णय त्याचा त्याला घेऊ देणं. परीक्षेत ही सात तत्त्वं लिहून दहा मार्क मिळतात. वस्तीत पाळायला गेलं की नाकी नऊ येतात.

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनकडून मुंबईत आलेले आणि नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवणारे मिशनरी होते. आता तर राज्यात बऱ्याच जिल्ह्यांत सोशल वर्कची कॉलेजं आहेत आणि पद्धत साधारण सगळीकडे तीच आहे. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, मग रेकॉर्डिंग, मग सुपरवायझरबरोबर एकट्याने बसायचं. याला इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स म्हणतात, पोरं ‘आयसी’ म्हणतात. रेकॉर्डिंगचा एक प्रकार तर असा आहे की झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात त्या क्षणी आपल्याला काय वाटलं तेही लिहायचं. किळस आली असेल तर किळस, भीती वाटली असेल तर भीती.

हा रकाना सुरुवातीला सगळेच कोरा ठेवतात. किंवा ‘वाईट वाटलं’ असं लिहून मोकळे होतात.

समजूत घरात राहिली असती तर एक वेळ चाललं असतं

तुम्ही म्हणाल, आजीच्या एका वाक्याचं एवढं काय? प्रत्येकाच्या घरी असं काही ना काही असतंच.

तर एक उदाहरण बघा. गावाबाहेर पालं पडली की ‘दारं लावून घ्या, कोंबड्या आत घ्या’ हे कित्येक गावांत लहान मुलांनी ऐकलेलं आहे. आमच्याकडेही होतं. ‘ते लोक चोर असतात’ हे आम्हाला दोन आणि दोन चारसारखं माहीत होतं. वर्गात पहिल्यांदा कळलं की ही नुसती गावची कुजबुज नव्हती, हा कायदा होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि पुढे तर कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली गेली. सोलापुरात अशी सेटलमेंट होती आणि तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशातून गेला. त्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, पण ‘कोंबड्या आत घ्या’ राहिलं. माझा जन्म कायदा गेल्यानंतर कित्येक दशकांनी झाला, तरी ते माझ्यापर्यंत पोचलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आम्हाला वाचायला सांगितलं होतं. ती वाचताना खरा त्रास याचा होत होता की या गोष्टीत आपण नक्की कुठल्या बाजूला उभे होतो ते कळत होतं. दार आतून लावणाऱ्यांच्या बाजूला.

भीक मागण्याचंही तसंच. ‘धडधाकट आहे, काम का करत नाही?’ हे वाक्य सिग्नलला गाडीत बसून आपण सगळेच बोललोय. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भिकारी कुणाला म्हणायचं याची व्याख्या वाचा. त्यात गाणं म्हणून, नाच करून, भविष्य सांगून पैसे घेणारा येतो. ज्याच्याकडे उपजीविकेचं साधन ‘दिसत’ नाही आणि जो रस्त्यावर फिरतोय असा माणूसही येतो. म्हणजे दिसण्यावरून. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीपुरती यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण हा कायदा मूळचा आपल्याकडचा आहे.

आता सोशल वर्कर यात कुठे येतो? अहवालात. एखादं अल्पवयीन मूल गुन्ह्यात सापडलं की २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळ १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल मागवतं. परिविक्षा अधिकारी किंवा सोशल वर्कर त्याच्या घरी जातो, शेजाऱ्यांशी बोलतो, शाळेत विचारतो आणि लिहितो. त्या मुलाला घरी सोडायचं की संस्थेत ठेवायचं हे ठरवताना मंडळाच्या टेबलावर तो कागद असतो. ‘कुटुंब भटकं असून वातावरण चांगलं नाही’ असं कुणी लिहिलं तर ते वाक्य कुठून आलं हे मंडळाला दिसत नाही. दार लावून घेणाऱ्या त्या घरातून आलं असेल, तरी कागदावर ते तज्ज्ञाचं मत असतं.

कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट माहीत असावी. कारण याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये एक तत्त्व फक्त शब्दांबद्दल आहे. मुलाबद्दल लिहिता-बोलताना आरोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरायचे नाहीत. म्हणून पेपरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असं जडजंबाल लिहिलेलं असतं. त्या शब्दाला मी बरीच हसले आहे. एका अहवालाचा कच्चा मसुदा लिहिताना मात्र हात ‘सराईत’ या शब्दाकडे गेला आणि मग तो जड शब्द बरा वाटला.

मग देवधर्म, संस्कार सगळं सोडायचं का?

घरचे सगळ्यात जास्त याच गोष्टीला घाबरतात. ‘पोरगी तिकडे जाऊन नास्तिक होईल’ हे वाक्य माझ्या वर्गातल्या तिघींच्या घरी बोललं गेलं होतं.

उत्तर आहे, नाही. वर ज्यांचं नाव आलं ते बीस्टेक स्वतः जेझुइट धर्मगुरू होते आणि मॅन्शार्ट मिशनरी. श्रद्धा असणं आणि समोरच्याचा निवाडा त्या श्रद्धेने करणं, हे दोन वेगळे विषय आहेत.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, माळकरी घरातली. तिला फील्डवर्कला व्यसनमुक्ती केंद्र मिळालं. दारू पिणाऱ्याच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही अशा घरात वाढलेली ती. पहिले तीन आठवडे ती तिथे पेशंटशी नीट बोलूच शकली नाही. आयसीमध्ये रडली. तिला वाटत होतं, हे लोक मनात आणलं तर सोडू शकतात, आणत नाहीत. दारूचं व्यसन हा आजार म्हणून धरला जातो, त्यात शरीर आणि मेंदू दोन्ही अडकलेले असतात, अचानक थांबवली तर काहींच्या जिवावर बेतू शकतं, हे तिला पुस्तकात वाचून माहीत होतं. पटलं तेव्हा, जेव्हा एका पेशंटने तिला सांगितलं की मीही तीन वेळा माळ घातली होती आणि तीन वेळा काढून ठेवली, कारण गळ्यात असताना पिणं पाप वाटायचं. म्हणजे ज्याला ती देवाधर्माबाहेरचा समजत होती त्याला पापाची भीती तिच्याएवढीच होती. तिने माळ काढली नाही. ती आजही वारीला जाते आणि काम व्यसनमुक्तीतच करते.

भीतीचं म्हणाल तर बाबा आमटेंची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. वरोऱ्यात पावसात पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम दिसला तेव्हा ते आधी पळाले होते. स्वतःला निडर समजणारा माणूस घाबरून घरी गेला. मग त्या भीतीची लाज वाटली आणि ते परत आले. कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचं शिक्षण घेतलं, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली. शाळेच्या पुस्तकात आपल्याला सेवा दिसते, पळणं दिसत नाही. खरं तर शिकणाऱ्याच्या कामाचा भाग तोच आहे. आणि ही भीती फक्त एका माणसाची नव्हती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांमध्ये २०१९ पर्यंत बसलेलं होतं. औषधांनी हा आजार पूर्ण बरा होऊ लागल्याला तोवर कित्येक वर्षं झाली होती.

ज्यांच्या घरात जात ‘नव्हतीच’

सगळ्यात अवघड समजूत कुठली असेल तर ती, जी कुणी कधी बोलूनच दाखवलेली नसते. वर्गातले आम्ही काही जण ठामपणे सांगायचो की आमच्या घरी जातपात पाळतच नाहीत, आम्हाला तर कॉलेजला येईपर्यंत माहीतच नव्हतं कोण कुठल्या जातीचं. यात खोटं काही नव्हतं. पण मॅडमनी एकदा विचारलं, “तुमच्या घरी जेवायला येणाऱ्यांची आडनावं आठवून लिहा.” मी लिहिली. पंचवीसेक आडनावं होती. यादी बघून मीच गप्प झाले.

वस्तीतल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. पहिल्या भेटीत आमच्या नावापेक्षा आडनाव आधी विचारलं जायचं. मग चहा विचारायचा की नाही, विचारला तर आम्ही पिऊ की नाही, याचा अंदाज घेतला जायचा. चहाचा कप समोर आला की आपल्या हाताला एक क्षण जो उशीर होतो ना, तो समोरच्याला दिसतो.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण अशा लेखांमध्ये ते सहसा राहून जातं. वर्गात सगळेच ‘मदत करणारे’ नसतात. अशाच वस्तीतून, तांड्यावरून आलेले, घरातले पहिले पदवीधर असलेलेही असतात. त्यांनी लहानपणी शिकलेलं वेगळं असतं. साहेबासमोर खुर्चीत बसायचं नाही, कागद मागितला तर का म्हणून विचारायचं नाही, आपल्यात असंच असतं. माझा एक वर्गमित्र सरकारी कार्यालयात फील्डवर्कला असताना महिनाभर उभा राहून बोलायचा. खुर्ची रिकामी असायची, बस म्हटलेलंही असायचं. त्याला स्वतःच्या समजुती तपासायच्या म्हणजे कुणाला कमी लेखणं थांबवायचं नव्हतं, स्वतःला कमी लेखणं थांबवायचं होतं. एकच प्रश्न दोघांना विचारून चालत नाही, हे चांगल्या सुपरवायझरला कळतं. सगळे चांगले नसतात. काही जण आयसीत एखाद्याला इतकं सोलतात की पोरगं पुढच्या आठवड्यापासून वहीत त्यांना आवडेल तेच लिहायला लागतं. त्याने समजुती बदलत नाहीत, भाषा तेवढी बदलते.

नव्या समजुतीही तपासाव्या लागतात

दुसऱ्या वर्षी घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघायला लागलो. मुंबईत पोलिसांच्या आवारातच बायकांसाठी आणि मुलांसाठी स्पेशल सेल १९८४ पासून चालतो. टाटा इन्स्टिट्यूटने सुरू केलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं. ‘घरातली गोष्ट घरात’, ‘संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच’ या समजुती तोपर्यंत आम्ही टाकून दिल्या होत्या. २००५ चा कायदा पाठ होता. आम्ही तयार होतो.

आणि समोरची बाई म्हणाली, मला परत जायचंय त्याच्याकडे.

आमच्यातल्या एकीने तिला जवळजवळ दटावलंच. “ताई, तुम्ही एवढं सहन का करता?” त्या दिवशीची आयसी लांबली. दटावणारीला मॅडमनी विचारलं की सासू जशी म्हणायची ‘ऐकून घे’, तशीच तूही म्हणालीस ना? फक्त दिशा उलटी. त्या बाईला परत जाताना काय लागणार होतं? मारहाण झाली तर कुणाला फोन करायचा, कागदपत्रं कुणाकडे ठेवायची, घरात राहण्याचा तिचा हक्क काय, नवऱ्याला बोलावून सगळ्यांसमोर काय लिहून घ्यायचं. यातलं काहीच आम्ही बोललो नव्हतो, कारण ती काय ठरवणार हे आम्हीच ठरवून टाकलं होतं.

घरी या गोष्टी बोलायला गेलं की मात्र पंचाईत होते. पहिल्या दिवाळीला मी काकांशी भांडले. विषय होता ‘फुकटे’. जेवण अर्धवट राहिलं, आई आठवडाभर नीट बोलली नाही. आता वाटतं, काकांना मी त्या दिवशी नुसतं चूक ठरवलं. कशावरून असं वाटतं हे एकदाही विचारलं नाही. आजीला मात्र त्या बाईंची गोष्ट सांगितली होती. नळ, पहाटेचे तीन, दोन सोसायट्या. आजी ऐकत होती. तिच्या माहेरी विहिरीचं पाणी होतं, तीही चारला उठायची. पण दुपारी आडवी व्हायची सोय नव्हती, सासू होती. “झोपू दे बाई तिला,” एवढंच म्हणाली.

त्या दोन मुलींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. शाळेत न जाण्याचं कारण आस्था नसणं नव्हतंच. कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून आलं होतं, जुन्या शाळेचा दाखला मिळाला नव्हता आणि धाकटीचा जन्माचा दाखला नव्हता. जवळच्या शाळेतून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, स्पष्ट लिहिलंय की दाखल्याला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. कलम ४, ५ आणि १४. ही कलमं मी एका कागदावर लिहून बाईंबरोबर शाळेत गेले. त्यांनी त्या दिवशी एका घरचं काम बुडवलं होतं. मोठी चौथीत बसली, धाकटी पहिलीत.